रेशमी वस्त्रांची निगा

खानदेश हा कापसाचा मुलूख. येथील गृहिणीच्या हाताला सुती कापडाचीच सवय आहे. लुगडे सोड्याच्या पाण्यात भिजवावे, दगडावर आपटावे, कडक उन्हात वाळवावे आणि खळ देऊन घडी घालावी, ही रीत सुताला मानवते. पिंपळनेरसारख्या गावी पुष्कळ घरांतून लग्नातला शालू, सासूबाईंची पैठणी किंवा पूजेचा कद असे एखादे तरी रेशमी वस्त्र पेटीत जपून ठेवलेले असते. त्यालाही तीच रीत लावली जाते, आणि ते घडीवर चिरले की दोष विणकराला दिला जातो.

कापूस व रेशीम यांतील भेद एका सोप्या कसोटीने कळतो. वस्त्राचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो. रेशमाच्या धाग्याला केस जळाल्याचा वास येतो व बोटाने चुरडली जाणारी काळी राख उरते. (धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर ते रेशीम नसून कृत्रिम तंतू होय. बाजारात पैठणी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक साड्यांचे रहस्य येथेच उलगडते.) कापसाचा तंतू वनस्पतीचा आहे, रेशमाचा तंतू केसांप्रमाणे व लोकरीप्रमाणे प्रथिनांचा आहे. सोड्याने कापसाचे फारसे बिघडत नाही, परंतु प्रथिनांचा तंतू झिजतो. म्हणून धुण्याचा सोडा, तीव्र साबण व ब्लीचिंग पावडर ही रेशमापासून दूर ठेवावीत. ज्याने डोके धुवावे त्यानेच रेशीम धुवावे, एवढे ग्रामकार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत सांगितले तरी निम्मे काम होईल.

या कामी रिठा उत्तम. मूठभर रिठे बिया काढून रात्रभर भिजत घालावेत, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावे व ते बादलीभर थंड पाण्यात मिसळावे. प्रथम वस्त्राचा आतला कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर घरी धुऊ नये. पांढऱ्या रेशमाला रिठ्याची पिवळसर छटा येते, त्यासाठी सौम्य साबण बरा. मात्र काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते व साबणाचा साका कापडावर बसतो. अशा वेळी पन्हळीखाली धरलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरावे. वस्त्र चोळू नये, पिळू नये. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपावे व सावलीत वाळवावे. जरीचे भारी वस्त्र कोरड्या धुलाईसाठी जाणत्या माणसाकडेच द्यावे. घरी पेट्रोल किंवा रॉकेलने डाग काढण्याच्या प्रयत्नात आग लागण्याचे भय असते.

सोवळ्याच्या कदाची गोष्ट निराळी. रेशमाला विटाळ नाही या समजुतीने तो वर्षानुवर्षे न धुता वापरला जातो. शुचितेचा प्रश्न ज्याचा त्याने पाहावा. तंतूला मात्र घाम लागतोच, आणि कद कमरेशी प्रथम विरतो तो त्यामुळेच. आखाजीचा सण ऐन वैशाखातला. त्या दिवशी नेसलेले रेशमी वस्त्र त्याच संध्याकाळी पेटीत जाऊ नये. रात्रभर वाऱ्यावर ठेवून मगच घडी करावी.

पेटीत रेशमाला कसर लागते, ती बहुधा डागामुळे किंवा खळीमुळे. कापड खाणारा पतंग स्वतः ते खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाच्या व अन्नाच्या डागांवर ती आधी तुटून पडते. खळ दिलेल्या कापडाकडे रुपेरी कसर वळते. म्हणून वस्त्र स्वच्छ, कोरडे व खळीविना ठेवावे. लोखंडी पेटीला गंज चढतो, वर्तमानपत्राची शाई उतरते. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा हे सर्वांत चांगले वेष्टन होय. दर तीन महिन्यांनी घडीची जागा बदलावी, नाहीतर त्याच रेषेवर तंतू तुटतात. दसऱ्याच्या सुमारास कपड्यांना ऊन दाखवण्याची चाल आहे, परंतु उन्हाने रेशीम पिवळते व कमजोर होते. ऊन पेटीला द्यावे आणि वस्त्राला सावलीतला वारा.

डांबरगोळ्या वापरायच्या असतील तर कापडी पुरचुंडीत बांधाव्यात. जरीला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. मुलांना त्या गोड गोळ्यांसारख्या दिसतात, हेही ध्यानात असावे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गोळ्यांत ठेवलेला शेला बारशाच्या दिवशी पेटीतून काढून थेट तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. त्या वासाने काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व जिवावर बेतणारी कावीळ होते. बाळासाठी सुती कापडच घ्यावे.

येवला व पैठण येथे हातमागावर विणल्या जाणाऱ्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. भरगच्च पदराची पैठणी विणण्यास कित्येक महिने लागतात. अशी जुनी पैठणी घडीवर चिरली की जुनी जर विकत घेणारा फेरीवाला चांदीच्या हिशेबाने तिचे मोल करतो. तिला त्याच्या हाती देण्यापूर्वी काठ व पदर शाबूत आहेत काय, हे पाहावे. ते उतरवून नव्या पोतावर बसवून देणारे कारागीर आहेत, आणि तेच वस्त्र पुढील पिढीला नेसता येते.