हाक मारणें आणि टाहो फोडणें

मराठींत माणसाच्या ओरडण्याला नामें पुष्कळ आहेत. पण त्यांचें मर्म जोडीला येणाऱ्या क्रियापदांत असतें, इकडे आम्ही सुज्ञ वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हाक आपण मारतों, साद घालतों, आरोळी ठोकतों. परंतु किंकाळी, हंबरडा आणि टाहो हीं मात्र फोडतों. 'हाक फोडली' किंवा 'टाहो मारला' असें घरांतलें लहान मूलहि म्हणत नाहीं.

हा भेद कशाचा? हाक कोणाला तरी उद्देशून, मनांत योजून मारलेली असते. फोडणें म्हणजे कोंडलेलें एकाएकीं बाहेर येणें. बांध फुटतो, हुंदका फुटतो, रडूं फुटतें. त्याच कुळांतला हा शब्द. 'त्याला हाक मार' ही आज्ञा घरांत दिवसांतून दहा वेळां होते. 'टाहो फोड' असें मात्र कोणी सांगत नाहीं. निषेध तेवढा करतां येतो: 'उगीच टाहो फोडूं नकोस.' जें सांगून होत नाहीं, तें फार तर आवरावयास सांगतां येतें!

यांतहि किंकाळी भयाची अथवा वेदनेची. हंबरड्याचें मूळ हंबरण्यांत आहे. वासरासाठीं गाय हंबरते, आणि वियोगाचा घाला पडला म्हणजे माणसाच्या कंठांतूनहि तोच स्वर फुटतो. टाहो उलट दिशेचा: तो लेंकराचा, आईसाठीं.

हा भेद प्रत्यक्ष पाहावयाचा तर आळंदीस जावें. शके 1218 मध्यें, म्हणजे इ. स. 1296 सालीं, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनीं तेथें समाधि घेतली. वारकरी त्यांस 'माउली' म्हणतात. कार्तिकी वारीच्या गर्दींत 'माउली, जरा सरा' असें अनोळखी माणसासहि म्हणतात, ती हाक. तासन् तास रांगेंत उभी राहिलेली एखादी वृद्धा समाधीपुढें येतांच 'माउली!' म्हणते आणि पुढें शब्दच उमटत नाहीं, तो टाहो. अक्षरें तींच तीन, क्रियापद निराळें.

हल्लीं वर्तमानपत्रांत हव्या त्या मागणीचा 'टाहो' होतो. पाण्यावांचून तळमळणाऱ्या गांवानें टाहो फोडला तर तो शब्द सार्थच; पण सवलतीचा अर्ज करणाऱ्यानेंहि टाहोच फोडला, तर खऱ्या दुःखितासाठीं भाषेंत काय उरणार? मुलांचे निबंध तपासतांना वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य पाहावें. शब्द स्वस्त झाले कीं कान बधिर होतात, आणि मग खरा टाहो ऐकूनहि घरांतून कोणी उठत नाहीं.