विश्लेषण : पिस्तुलाचा परवाना कोणाला मिळतो? मिळाल्यावर कोणती बंधने पाळावी लागतात?

दहिसरमध्ये ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्हदरम्यान गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे, परवाना असलेले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेता गोविंदा यांच्या जुहू येथील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली. दोन्ही शस्त्रांना परवाना होता. मग हा परवाना नेमकी कशाची मुभा देतो आणि कशाची नाही?

शस्त्र बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेप्रमाणे भारतीय राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना स्पष्ट केले. आपल्याकडे सारे काही शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार चालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका किंवा पिस्तुले ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली.

अर्ज कोण करू शकतो?

वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. नेमबाजीतील कनिष्ठ खेळाडूंना यात सवलत आहे. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला असेल, तर शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे दार बंद. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून दिलेल्यांना त्या मुदतीत परवाना मिळत नाही.

पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. शस्त्र परवाना म्हणजे श्रीमंतीची खूण, हा समज कायद्याला मान्य नाही.

अर्ज कुठे करायचा?

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. नमुना ए-१ मधील अर्जासोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्जदार शरीराने व मनाने सक्षम आहे आणि नशेच्या आहारी गेलेला नाही, याची खातरजमा त्यातून होते. शस्त्र कसे हाताळायचे, न्यायचे आणि घरी कसे ठेवायचे याचे प्रशिक्षणही नियमांत आहे.

सामान्य नागरिकाला .३२ बोअरसारख्या अप्रतिबंधित शस्त्राचाच परवाना मिळतो. ९ एमएम पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येते. त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो.

'जिवाला धोका' कोण ठरवते?

कागदपत्रे जमवणे सोपे, खरी कसोटी इथे असते. व्यवसायाच्या स्वरूपामुळे किंवा अन्य कारणाने जीव वा मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्राची खरोखर गरज आहे, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. धमकीची तक्रार, दाखल गुन्हा, रोख रकमेची नेहमीची ने-आण अशी ठोस कारणे उपयोगी पडतात. 'सुरक्षेसाठी हवे' एवढे लिहून भागत नाही.

स्थानिक पोलीस ठाणे अर्जदाराची पार्श्वभूमी तपासून अहवाल देते. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते.

कमरेला पिस्तूल लावून फिरता येते का?

अमेरिकेत कपड्यांआड शस्त्र बाळगण्यासाठी अनेक राज्ये वेगळा परवाना देतात. निम्म्याहून अधिक राज्यांत तर तोही लागत नाही. भारतात 'लपवून बाळगण्याचा' असा वेगळा परवाना नाही. उलट शस्त्र झाकलेले ठेवणे हीच अट आहे. शस्त्र नियमांतील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारून दाखवण्यास सक्त मनाई आहे.

त्यामुळे शर्ट वर करून कमरेचे पिस्तूल दाखवणारे रील परवानाधारकालाही महागात पडू शकते. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

परवाना आहे म्हणजे गोळी झाडता येते का?

परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. झाडलेली गोळी योग्य होती का, हे भारतीय न्याय संहितेतील स्वसंरक्षणाच्या तरतुदींवर ठरते. बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाचा वापर कायद्याला मान्य आहे. पळून जाणाऱ्या चोरावर गोळी झाडणाऱ्याला केवळ परवाना दाखवून सुटता येणार नाही.

दुरुस्ती, नूतनीकरण असे मोजके अपवाद सोडले तर शस्त्र दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. दहिसरच्या घटनेत कळीचा मुद्दा हाच होता. शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्याचा जाब परवानाधारकालाही द्यावा लागतो.

परवाना रद्द कधी होतो?

अटींचा भंग, खोटी माहिती किंवा सार्वजनिक शांततेला धोका अशा कारणांवरून परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर जिल्ह्यातील परवान्यांची संख्या चर्चेत आली. प्रशासनाने छाननी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. निवडणुकीच्या काळातही छाननी होते आणि ज्यांना आदेश मिळतो त्यांना शस्त्र जमा करावे लागते.

परवान्याशिवाय शस्त्र सापडल्यास दोन ते पाच वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. परवाना असूनही अट मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यायला हवे : घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही आणि रागाच्या क्षणी आपलाही हात जाणार नाही, अशी जागा या शस्त्रासाठी आपल्याकडे आहे का?