किरणोत्सवाचा स्लायडर

अंबाबाईच्या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. किरणोत्सवाच्या तारखाही बहुतेकांना पाठ असतात: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडत गाभाऱ्यात शिरतं आणि देवीच्या चरणांपासून वर चढू लागतं. पण हे वर्षातून दोनदाच का? आणि नेमकं याच तारखांना का? सातवीतल्या मुलीनं विचारलं की आपण पृथ्वीचा तिरका गोल काढतो, शेजारी साडेतेवीस अंश लिहितो, ती मान डोलावते आणि विषय संपतो. तिला काय कळलं, हे ना तिला सांगता येत ना आपल्याला.

हा विषय दाखवायला मोबाइलवर उघडणारं एक साधं वेबपान पुरेल असं मला वाटतं. पानावर एक आडवी रेघ, म्हणजे पश्चिमेचं क्षितिज. तिच्यावर सूर्याचा ठिपका. रेघेच्या खाली देवळाचा नकाशा, वरून पाहिल्यासारखा. आणि तळाशी एकच स्लायडर, तारखेचा. बाकी काही नाही. बटणं नाहीत, पार्श्वसंगीत नाही, डोळे मिचकावणारा सूर्य तर अजिबात नाही.

आता बोटानं तारीख सरकवा. २१ मार्चला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. २१ जूनच्या सुमारास तो उत्तरेकडे सुमारे साडेचोवीस अंश सरकलेला असतो, २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे तितकाच. म्हणजे कोल्हापुरातून दिसणारा मावळतीचा सूर्य वर्षभरात जवळजवळ एकोणपन्नास अंशांची ये-जा करतो. किरणोत्सवाच्या दिवसांत तो पश्चिमेपासून दक्षिणेला सुमारे अठरा अंशांवर मावळतो. ही जागा त्याच्या वाटेत आहे, टोकावर नाही. त्यामुळे दक्षिणेला जाताना नोव्हेंबरात तो इथून एकदा जातो, टोक गाठून परत येताना आणखी एकदा. २१ डिसेंबरपासून मागे मोजा, एक्केचाळीस दिवसांवर १० नोव्हेंबर येतो. पुढे बेचाळीस मोजा, १ फेब्रुवारी. ‘दोनदाच का’ या प्रश्नाचं उत्तर मुलीच्या बोटाखालीच सापडतं, आपण तोंड उघडायच्या आत.

तीनच दिवस का, हेही त्याच स्लायडरवर दिसतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते आणि सूर्याची थाळी स्वतःच अर्धा अंश रुंद आहे. ९ ते ११ तारखेपर्यंत सूर्य स्वतःच्या रुंदीपेक्षा जेमतेम थोडा जास्त हलतो. एवढ्या हालचालीवर गाभाऱ्यात ऊन पोचणार की नाही हे ठरतं! देऊळ डिसेंबरच्या टोकाकडे रोखलेलं असतं तर उत्सव कित्येक दिवस चालला असता, कारण त्या आठवड्यात सूर्य जागचा हलतच नाही म्हणा ना. आणि तो मग वर्षातून एकदाच झाला असता.

अशी पानं बनवणाऱ्यांत कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प मला सर्वांत शहाणा वाटतो. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वाइमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यांची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. ते मुलांना समोर बसवतात, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगतात आणि त्यांचं बोट कुठे अडखळतं ते पाहतात. जिथे अडखळलं तिथे चूक चित्राची, मुलाची नव्हे. सूचनांचा परिच्छेद लिहावा लागला तर चित्र फसलं असं समजायचं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलेली गोष्टही याच जातीची आहे: विषयाशी संबंध नसलेली सजावट काढून टाकली की मुलांना जास्त कळतं, आणि नाव ज्या वस्तूचं आहे त्या वस्तूला चिकटूनच लिहिलं पाहिजे. म्हणून ‘पितळी उंबरा’ ही अक्षरं नकाशातल्या उंबऱ्यावरच हवीत. कोपऱ्यात १, २, ३ अशी यादी देऊन मुलांची नजर पळवायची नाही. आपल्याकडच्या शैक्षणिक ॲपांत पहिल्याच पडद्यावर फुगे, फटाके आणि टाळ्या वाजतात. कशाबद्दल वाजतात देव जाणे.

पडदा मात्र साधा ठेवायचा, हिशोब नाही. सूर्य दक्षिणेला किती झुकला आहे हे काढायचं एक छोटं सूत्र इंटरनेटवर जागोजागी मिळतं. त्यात पृथ्वीची कक्षा गोल धरलेली असते आणि कोनांचा हिशोबही कामचलाऊ असतो. शेतीला, सोलर पॅनेलला ते चालतं. किरणोत्सवाला ते चालत नाही. या तारखांना ते सुमारे अर्धा अंश चुकतं, आणि इथे अर्धा अंश म्हणजे जवळजवळ दोन दिवस. तीन दिवसांच्या उत्सवात दोन दिवसांची चूक! तेव्हा आत पूर्ण गणित चालू द्यावं आणि बाहेर फक्त ठिपका हलावा.

खरी गंमत दुसऱ्या चित्रात आहे. त्याच पानावर देवळाचा बाजूनं काढलेला छेद घ्यायचा. सूर्य खाली जातो तसा किरण आडवा होत जातो, म्हणून उजेडाची वरची कड चरणांवरून वर सरकते. एका संध्याकाळी ऊन वर का चढतं ते इथे दिसतं. पण आपल्या अक्षांशावर सूर्य सरळ खाली उतरत नाही. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात तर तो उतरता उतरता उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे कलतो, एक अंश खाली जाताना सुमारे ०.३ अंश. एक अंश उतरायला त्याला साडेचार मिनिटं लागतात. आणि ०.३ अंश हा तर मावळतीच्या जागेचा रोजचा फरक!

आता दोन्ही चित्रं एकत्र चालवा. १० नोव्हेंबरचा सूर्य आदल्या दिवसापेक्षा थोडा डावीकडून उतरतो, म्हणून महाद्वाराच्या सरळ रेषेत यायला त्याला एक अंश आणखी खाली जावं लागतं. किरण अधिक आडवा, ऊन अधिक वर. ११ तारखेला त्याहून वर. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, हा परंपरेनं सांगितलेला क्रम भूमितीतून आपसूक बाहेर पडतो. मला हे पहिल्यांदा जुळलेलं दिसलं तेव्हा अंगावर काटा आला.

मग स्लायडर फेब्रुवारीकडे न्या. आता सूर्य रोज उत्तरेकडे सरकतो आहे. ३१ जानेवारीचा सूर्य ११ नोव्हेंबरच्या वाटेनं उतरतो आणि २ फेब्रुवारीचा ९ नोव्हेंबरच्या. म्हणजे हे चित्र सांगतं की या वेळी क्रम उलटा हवा, आधी मुख आणि शेवटी चरण. परंपरा मात्र दोन्ही वेळी चरण ते मुख असाच क्रम सांगते.

कुणाचं चुकतं? माझ्या चित्रात दरवाजे अरुंद आणि एका सरळ रेषेत धरले आहेत, मधल्या इमारती नाहीत, धूळ नाही, नोव्हेंबरचे ढग नाहीत. खऱ्या किरणांना हे सगळं पार करावं लागतं. महाद्वाराबाहेरच्या बांधकामांचा अडथळा हा कोल्हापुरातला जुना वाद आहे. पण सातवीतल्या मुलीनं हा प्रश्न विचारला तर तिला गप्प करणारं उत्तर कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. खडूनं काढलेल्या तिरक्या गोलावरून हा प्रश्न तिला पडलाच नसता.

घड्याळाचीही एक गोष्ट पानावर ठेवावी, बारीक अक्षरात. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास. आकाशातली जागा तीच, घड्याळात मात्र अर्ध्या तासाचा फरक. त्याचं कारण वेगळं आणि लांबलचक आहे, त्याला वेगळं पान आणि वेगळा स्लायडर हवा. दोन्ही एकाच पानावर कोंबण्याचा मोह ज्याला आवरतो त्यानंच हे काम हाती घ्यावं.

लागणारी साधनं फुकट आहेत. जिओजेब्रात ही दोन्ही चित्रं शाळेतला गणिताचा शिक्षक बसवू शकतो आणि स्टेलेरियममध्ये कोल्हापूर टाकून प्रत्येक संध्याकाळ ताडून पाहता येते. उणीव आहे ती नोंदींची. तेव्हा येत्या ३१ जानेवारीपासून तीन संध्याकाळी देवळात किंवा थेट प्रक्षेपणाच्या पडद्यासमोर असाल तर ऊन कुठपर्यंत चढलं आणि किती वाजता, एवढं वहीत लिहून ठेवा. तारीख विसरू नका.