रखमाबाईंना शोधायचं कोणत्या नावानं? जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह वापरताना

जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह आणि संशोधन, असा आजचा विषय जाहीर झाला आहे. कुठं क्लिक करायचं, शोध कसा टाकायचा, एवढंच ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर थोडं तेही येईल. पण आम्ही ठरवलं आहे की एकच प्रकरण हातात घ्यायचं आणि ते या संग्रहांमध्ये शोधताना काय काय होतं ते तुमच्यासमोर मांडायचं. प्रकरण बहुतेकांच्या ओळखीचं आहे: दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या आणि मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. दादाजी मुंबई हायकोर्टात गेले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. १८८६मध्ये अपिलात तो फिरला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हा सगळा वाद कोर्टात जितका लढला गेला, तितकाच वर्तमानपत्रांतही लढला गेला. म्हणूनच आम्ही हे प्रकरण निवडलं.

आता आजचा विद्यार्थी काय करतो? विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून मिळालेला पासवर्ड टाकतो, 'टाइम्स ऑफ इंडिया'चा जुना संग्रह उघडतो (हे पत्र १८३८मध्ये 'बॉम्बे टाइम्स' म्हणून सुरू झालं, तेव्हापासूनची पानं तिथं आहेत) आणि शोधाच्या चौकटीत 'रखमाबाई' असं इंग्रजीत टाइप करतो. पहिली अडचण इथंच येते. इंग्रजीत हे नाव एका स्पेलिंगनं कधी छापलंच गेलं नाही. 'र'नंतर कुणी 'यू' घालतं, कुणी 'ए'. कुणी 'ख'मधला 'एच' गाळून सरळ 'रुक्माबाई' करून टाकतं. त्यात स्तंभ अरुंद, त्यामुळे नाव ओळीच्या शेवटी तुटतं आणि निम्मं खालच्या ओळीत जातं. यंत्र ते दोन वेगळे शब्द समजतं.

यंत्र वाचतं म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. तुम्हाला पडद्यावर दिसतं ते पानाचं छायाचित्र. शोध मात्र त्या छायाचित्रात होत नाही. छायाचित्रावरून संगणकानं अंदाजानं एक मजकूर तयार केलेला असतो, त्याला ओसीआर म्हणतात, आणि तो पानाच्या मागे लपलेला असतो. शोध त्या लपलेल्या मजकुरात चालतो. छपाई पुसट असेल, कागदाच्या मागची शाई पुढं उमटली असेल, मायक्रोफिल्मवर ओरखडा असेल, तर आपल्या डोळ्यांना स्वच्छ वाचता येणारा शब्दही मागच्या मजकुरात भलताच असू शकतो. म्हणून 'काही सापडलं नाही' या उत्तराचा अर्थ 'काही छापलं गेलं नाही' असा कधीच घेऊ नका.

समजा आपण सगळी स्पेलिंगं टाकून पाहिली. तरीही या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाती लागत नाही. २६ जून १८८५ आणि १९ सप्टेंबर १८८५ या दोन दिवशी 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये दोन लांब पत्रं छापून आली. पहिलं बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. पत्रांखाली सही होती 'एक हिंदू स्त्री', अर्थात इंग्रजीत. ती पत्रं रखमाबाईंची होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांत त्यांचं नाव नाही. म्हणजे नावानं शोधणाऱ्याला रखमाबाईंबद्दल इतर लोक काय बोलले ते मिळतं आणि रखमाबाई स्वतः काय बोलल्या ते निसटतं. खटला जिच्यावर चालला तिचाच आवाज शोधाच्या यादीतून गायब!

यावर आमचा उपाय साधा आहे. नावानं शोध सुरू करा, पण काम तारखेनं करा. दुसरं पत्र छापलं गेलं तो शनिवार होता आणि पिन्हे यांचा निकाल लागला तो लगेचचा सोमवार. त्या आठवड्याचे सगळे अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलेत, तर हा योग आपोआप नजरेत भरतो. शोधाच्या यादीत तो दिसत नाही, कारण यादी तुम्हाला कात्रणं देते. अनेक संग्रहांत प्रत्येक बातमी पानावरून कापून वेगळी दाखवलेली असते आणि जिला मथळा नाही तिला 'लेख क्रमांक ४, शीर्षक नाही' अशा धर्तीचं नाव दिलेलं असतं. ते कात्रण वाचून थांबू नका. 'संपूर्ण पान पाहा' असा पर्याय कुठंतरी कोपऱ्यात असतोच, तो उघडा. बातमी अग्रलेखाशेजारी आली की शेअरच्या भावांखाली, हे पान पाहिल्याशिवाय कळत नाही.

शब्दांबद्दल आणखी एक. कायद्याच्या इंग्रजीत या दाव्याला जे नाव आहे, 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना', ते ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संग्रहात टाकून बघा. इंग्लंडातल्या नवरा-बायकोंच्या खटल्यांचा ढीग पुढं येतो आणि आपला खटला त्यात बुडून जातो. मराठीत शोधायचं तर हा शब्दप्रयोग उपयोगाचाच नाही. आपल्याकडे बाई 'नांदते' किंवा 'नांदत नाही'. कोणत्याही विषयावर शोध घेण्याआधी त्या काळची माणसं त्या गोष्टीला काय म्हणत होती, याची एक छोटी यादी कागदावर करा. ही यादी घरबसल्या होत नाही. दहा-वीस अंक नुसते वाचल्यावरच ती तयार होते.

आता मराठीकडे वळू. इथं खरी पंचाईत आहे. आतापर्यंत जे सांगितलं ते इंग्रजी पत्रांबद्दल होतं. जुन्या मराठी पत्रांचे जे अंक स्कॅन झाले आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे शोधता येईल असा मजकूरच नाही, नुसती छायाचित्रं आहेत. जिथं मजकूर आहे तिथंही जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं, तुटलेली शिरोरेषा, पुसट झालेल्या मात्रा यांनी यंत्र गोंधळतं. त्यात जुनं शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी आपण उच्चारात नसलेले अनुस्वार सोडून दिले. त्याआधीच्या छपाईत 'नांव', 'केलें', 'कोर्टांत', 'त्यांनीं' असं सर्रास आहे. तुम्ही आजच्या सवयीनं 'कोर्टात' टाइप केलंत, तर १८८५चा 'कोर्टांत' तुम्हाला ओ देणार नाही. 'इंदुप्रकाश' किंवा 'नेटिव्ह ओपिनियन'सारख्या इंग्रजी-मराठी द्वैभाषिक पत्रांत तर गंमतच होते. इंग्रजीसाठी बसवलेलं यंत्र अर्धं पान नीट वाचतं आणि मराठी स्तंभांची निरर्थक रोमन अक्षरं करून ठेवतं.

याचा परिणाम काय होतो ते लक्षात घ्या. डिजिटल संग्रहावर विसंबून या खटल्याचा इतिहास लिहिला, तर मुंबईचे इंग्रज संपादक, लंडनचे वाचक आणि इंग्रजीत लिहिणारे सुधारक यांचाच तो इतिहास होतो. पुण्या-मुंबईत मराठी वाचणाऱ्या माणसाच्या पुढ्यात काय आलं, हे त्यात येत नाही.

मग काय करायचं? पुन्हा तारखा. 'मराठा' रविवारी निघायचा आणि 'केसरी' मंगळवारी. पिन्हे यांचा निकाल सोमवार, २१ सप्टेंबरचा. म्हणजे 'मराठा'चा २७ सप्टेंबरचा अंक आणि 'केसरी'चे २९ सप्टेंबर व ६ ऑक्टोबरचे अंक आधी उघडायचे. फॅरन यांचा हुकूम शुक्रवारी, ४ मार्च १८८७ला झाला. तिथं ६ मार्च आणि ८ मार्चपासून सुरुवात. छायाचित्रं असोत, मायक्रोफिल्म असो की ग्रंथालयातली बांधीव फाइल, हिशेब तोच. एवढ्यानं काम पाच-सहा अंकांवर येतं आणि ते एका दुपारी वाचून होतात.

मराठी पत्रांकडे जाणारी दुसरी एक वाट आहे. सरकार देशी पत्रांवर लक्ष ठेवून असे आणि दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश करवून घेई. हे देशी वृत्तपत्रांवरचे अहवाल आता 'साउथ एशिया ओपन आर्काइव्हज'वर विनामूल्य पाहता येतात. ज्या पत्रांचे अंक आज कुठंच उरलेले नाहीत, त्यांतल्या मजकुराचा माग कधीकधी फक्त इथंच लागतो. आम्ही ते नेहमी वापरतो. पण हे कोणी आणि कशासाठी केलं, ते विसरता येत नाही. भाषांतरकारानं सरकारला ज्याची काळजी वाटते तेवढंच उचललं. टोमणा, म्हण, शब्दावरची कोटी हे सगळं इंग्रजी सारांशात सपाट झालं.

इथं आमचीच एक चूक सांगतो. एका लेखाच्या मसुद्यात अशा अहवालातलं एक वाक्य आम्ही मराठीत आणलं आणि अवतरणचिन्हांत, मूळ पत्राच्या नावावर टाकलं. पुढं मूळ अंक मिळाला तेव्हा कळलं की तसं वाक्य तिथं नाहीच. आशय साधारण तोच होता, पण सूर वेगळा होता. इंग्रजीत जी तक्रार वाटत होती ती मुळात थट्टा होती. मसुदा छापून आला नव्हता म्हणून वाचलो. तेव्हापासून अहवालातला मजकूर असेल तर 'अहवालातील सारांशानुसार' असंच लिहितो, अवतरणचिन्हं काढून.

आणखी एका ठिकाणी चूक होते, आणि ती नावाजलेल्या लिखाणातही दिसते. 'केसरी'नं रखमाबाईंवर टीका केली, म्हणजे 'टिळक म्हणाले' असं बेधडक लिहिलं जातं. १८८७पर्यंत 'केसरी'चे संपादक आगरकर होते. अग्रलेखांखाली सही नसे. टिळक आणि आगरकर यांच्यात सामाजिक प्रश्नांवर ताणाताणी सुरू होती आणि १८८८मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढलं. अशा काळातला एखादा निनावी लेख कुणाचा, हे इतर पुराव्यानंच ठरवावं लागतं. संग्रहाच्या शोधात लेखकाचं नाव टाकून ते मिळणार नाही. लेखक ठरत नसेल तर 'केसरी म्हणतो' असं लिहावं, त्यात कमीपणा नाही.

दूरच्या संग्रहांबद्दलही थोडं. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर 'बॉम्बे गॅझेट' आणि 'होमवर्ड मेल'सारखी पत्रं आहेत, त्यांना वर्गणी पडते. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' मोफत आहेत. मुंबईच्या खटल्यासाठी तिकडं कशाला जायचं, असं वाटेल. पण तारेनं आणि बोटीनं गेलेल्या बातम्या साम्राज्यभर एकमेकांच्या पत्रांतून उचलून छापल्या जात. म्हणून हे संग्रह चाळायचे, मात्र दहा ठिकाणी सापडलेली बातमी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. बहुधा ती एकच तार असते. 'इतक्या पत्रांनी दखल घेतली' असा आलेख काढण्याआधी मजकूर शब्दशः सारखा आहे का, ते ताडून बघा.

'बॉम्बे गॅझेट' तर या प्रकरणात टाळताच येत नाही. दादाजींनी आपली बाजू छापून मांडली, तिला रखमाबाईंनी दिलेलं सविस्तर उत्तर २९ जून १८८७च्या 'गॅझेट'मध्ये आहे. या वेळी स्वतःच्या नावानं. १८८५च्या दोन पत्रांपाशी आणि १८८७च्या या उत्तरापाशी बसून ती एका बैठकीत वाचा. 'एक हिंदू स्त्री' सगळ्या बायकांबद्दल बोलते आहे. दोन वर्षांनी तीच बाई आपल्या लग्नाबद्दल, घराबद्दल, पैशांबद्दल एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे. हा फरक कुठल्याही यादीत दिसणार नाही.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला: नवं तंत्रज्ञान देवनागरी वाचायला शिकतंय, मग हे सगळं कष्टाचं काम थोड्या वर्षांत निरुपयोगी नाही का ठरणार? यंत्रं सुधारत आहेत, हे खरंच आहे. पण ती सुधारतात ती कुणीतरी बरोबर करून दिलेल्या मजकुरावर. 'ट्रोव्ह'वर सामान्य वाचक घरी बसून ओसीआरच्या चुका दुरुस्त करतात आणि त्या लगेच शोधात उतरतात. जुन्या मराठी पत्रांसाठीही आपल्याला असं काही करता येईल. तुमच्या गावच्या ग्रंथालयात एखाद्या जुन्या पत्राची फाइल असेल, तर तिचा एक अंक निवडा आणि जसा छापला आहे तसाच, अनुस्वारांसकट, टाइप करून काढा. 'नांव'चं 'नाव' करू नका. पानाचा क्रमांक आणि स्तंभ मात्र नोंदवून ठेवा.