शंभराला तीन कमी

किणीच्या टोलनाक्यावर माझ्या पुढे एक ट्रक उभा होता आणि त्यात काहीच नव्हतं. रिकामे ट्रक रोज दिसतात, पण त्यांच्या हौद्यात आधीच्या खेपेचं काहीतरी मागे राहिलेलं असतं. उसाचं पाचट, सिमेंटची भुकटी, निदान दोराचं भेंडोळं. हा हौदा स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा पुसून काढलेला. नाक पुढे आलेली जुनी टाटा १२१०, नवा कोरा शेंदरी रंग, मागच्या फाळक्यावर ना देवाचं नाव ना पोराबाळांचं. धूर मात्र असा की माझ्या गाडीची काच वर करावी लागली.

पुढे चहाच्या टपरीवर तीच गाडी दिसली म्हणून थांबले. चष्मा लावलेले, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ चाकाला टेकून चहा पीत होते. कुठला माल नेता, विचारलं.

"माल नाही हो. हौस."

ते कोल्हापुरातले दातांचे डॉक्टर निघाले. घराण्यात कुणाचा ट्रक नव्हता, वडील शाळामास्तर. लहानपणी हमरस्त्याला लागून घर, अंगणात बसून ट्रक मोजायचे एवढाच त्यांचा संबंध. पन्नाशी गाठल्यावर त्यांनी भंगारात निघालेली ही गाडी उचलली. भंगारवाल्याने भाव किलोवर लावला होता, हे ते अजूनही जरा दुखावल्या आवाजात सांगतात.

त्यानंतर सहा महिन्यांत मी सातेक वेळा त्यांच्याकडे गेले. दवाखान्यात नव्हे, शिरोलीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात. चुलवाणाची जागा बुजवून तिथे गाडी उभी केलेली. आत पाऊल टाकलं की आधी गिअर ऑइलचा वास यायचा. त्यात गंधक असतं, म्हणून जळकं रबर आणि कुजकी लसूण यांच्या मधलं काहीतरी नाकाला लागतं. पण दहा मिनिटांनी, नाक सरावलं की, त्याच्या खालून काकवीचा वास वर यायचा. गुऱ्हाळ बंद होऊन किती वर्षं झाली कोण जाणे, भिंती अजून गोड होत्या. घरी गेल्यावर ओढणीला दोन्ही वास यायचे आणि धुतल्यावर गिअर ऑइलचा तेवढा उरायचा.

खरं तर मी तिथे परत परत गेले ती मिस्त्रींसाठी. वय सत्तरीच्या पुढे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्य गेलेलं. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा. इंजिनाचा आवाज ऐकायचा तर बाकीचे मेकॅनिक लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. मिस्त्री मूठ दातांत धरतात. डोळे मिटून, चावून, इंजिन ऐकतात. आवाज जबड्याच्या हाडातून आत जातो, असं डॉक्टरांनी मला समजावलं, आणि लगेच म्हणाले, "वरच्या दोन दाढा मीच बसवल्यात. पैसे घेतले नाहीत. माझ्या गाडीचा कान आहे तो."

मिस्त्रींचं डॉक्टरांबद्दलचं मत वेगळं. गाडी आधी कराडला रंगवून घेतली आणि मग इंजिन खोललं, हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. "आदी मुंडावळ्या बांदल्या, मग आंघोळ," ते म्हणाले. डॉक्टर तिथेच उभे होते. अर्ध्या बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही.

१२१० या आकड्याचा अर्थ मला इथेच कळला. बारा म्हणजे मालासकट एकूण वजन बारा टन, दहा म्हणजे शंभरेक हॉर्सपॉवर. इंजिनाचा आकडा त्याहून गमतीचा. ६९७. सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. मिस्त्रींनी हेड उतरवलं, बोअर गेज आत सोडला आणि वही माझ्या हातात दिली. एकेका सिलिंडरला ते ओरडून आकडा सांगायचे, मी लिहायची. सगळे ९७ च्या थोडे थोडे पुढे गेलेले, चौथा सर्वांत जास्त. टोलनाक्यावरचा धूर त्यातनंच येत होता.

"सत्त्याण्णव," मिस्त्री म्हणाले. "शंभराला तीन कमी. तेवढी खोट ठिवलीया जर्मनांनी. मानसागत."

जर्मनांचा हिशेब असा. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ ला करार संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि वर्तुळातला 'टी' आला. डॉक्टरांच्या गाडीचं कागदावरचं वर्ष १९७२, म्हणजे तारा तीन वर्षांनी हुकला. तरी मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक तारा आणून ठेवलाय. लावत नाहीत, कारण ते खोटं होईल. फेकतही नाहीत. दवाखान्यात कवळ्यांचे साचे ठेवायच्या खणात तो असतो. मूळ इंजिनही या गाडीत नाही. ते कधीच गेलं, आत्ताचं ६९७ नंतर कुणीतरी बसवलेलं. मग अस्सल काय उरलं, असं मी विचारलं. "चेसिस," डॉक्टर म्हणाले, आणि थोडं थांबून, "आणि स्टिअरिंग. बहुतेक."

पाटे उतरवणं, किंगपिन बदलणं, बुशांत ग्रीस भरणं ही कामं आठवड्यामागून आठवडे चालली. त्यात बघण्यासारखं थोडं, थांबणं जास्त. मायको पंप टेस्ट बेंचवर लावायला गेला तो अठरा दिवसांनी आला. मला पुन्हा पुन्हा आठवतात ते रंग खरवडतानाचे फोटो. कराडला मशीन लावण्याआधी डॉक्टरांनी मागच्या फाळक्याचा थर थर काढून फोटो घेतले होते. चार थर, चार रंग, आणि प्रत्येक थरावर वेगळ्या घरातल्या पोरांची नावं. चार मालकांनी आपापल्या लेकरांच्या नावाने कर्ज फेडलं असणार. फोटो सुंदर आहेत. नावं आता नाहीत. तिथे गुळगुळीत शेंदरी रंग आहे आणि डॉक्टर त्याला 'मूळ रूप' म्हणतात. मला तो शब्द गिळता आला नाही. कारखान्यातून आली त्या दिवसाचं रूप हे मूळ, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिने जे ओढलं ते काय मग, मळ?

पेंटरला पडलेला पेच वेगळा होता. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचं का? जुन्या गाडीला ते हवंच. पण २०१५ पासून महाराष्ट्रात ते लिहायला बंदी आहे. शेवटी जागा कोरी राहिली.

सरकारदरबारी या हौसेला नावच नाही. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, वीस हजार रुपये भरले की पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. पण ती दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. मालवाहू गाडी त्या पंगतीला बसत नाही. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते आणि त्या मोटारीचं पेट्रोल वाहून आणणारा ट्रक भंगार. डॉक्टर फोनवर इंग्लंडचे व्हिडिओ दाखवतात. तिथे १९६२ पासून जुन्या मालमोटारींची लंडन ते ब्रायटन फेरी निघते, म्हातारे लोक टोप्या घालून लॉऱ्या चालवतात. मिस्त्रींनी एकदा पूर्ण व्हिडिओ बघितला. "समदी रिकामीच हैत की," एवढंच म्हणाले.

बाबूराव पेंटरांनी विदेशी कॅमेऱ्याची करामत ओळखून स्वतःचा कॅमेरा घडवला ते हेच कोल्हापूर. परक्या यंत्राला इथे कुणी बुजत नाही. मिस्त्रींनी जर्मन भाषेचं अक्षर पाहिलेलं नाही, पण एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा सिलिंडर पेटण्याचा क्रम ते पावकी-निमकीच्या चालीवर म्हणतात. त्यांच्या उमेदीत हे काम रात्री चालायचं. संध्याकाळी गाडी यायची, पहाटे तिला कारखान्यावर उसाच्या रांगेत उभं राहायचं असायचं. मालक तिथेच घोंगडं टाकून झोपायचा. "गाडी हुबी ऱ्हायली की त्याच्या घरात चूल हुबी ऱ्हायची न्हाई. आता डॉक्टरांस्नी काय घाई?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रोजची हजेरी त्यांना चोख मिळते. फक्त कुणीच घाई करत नाही, हे त्यांना खटकतं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दुपारी मी होते. नवे लायनर, नव्या रिंगा, पुन्हा सत्त्याण्णव. दोनदा नुसतं खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी हाताने त्यांना गप्प केलं, पेचकस टेकवला, मूठ दातांत धरली. मिनिटभर चेहऱ्यावर काही नाही. मग मूठ दातांतून न काढताच त्यांनी चार बोटं वर केली. चौथा सिलिंडर. चांगला की वाईट? मूठ काढून म्हणाले, "बोलतोय."

नवी गाडी जोतिबाला न्यायची, तशी ही जुनीही न्यायची ठरली. केबिनमध्ये तिघं, मी मधल्या फळीवर. रिकाम्या ट्रकमध्ये बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाटे टनांच्या हिशेबाने बांधलेले, वर वजन नसलं की ते लवतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याला मागचं धूड उडायचं आणि आमचे मणके मोजले जायचे. वाळूची पोती टाका, असं मिस्त्री सकाळीच म्हणाले होते. रंगाला ओरखडे पडतील म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

केर्ली फाट्यावर एका माणसाने हात केला. बाजूला खताची पोती रचलेली, वीस-बावीस तरी असतील.

"वर वाडीला टाकायचीत. भाडं किती घेनार?"

"भाडं नाही घेत, काका," डॉक्टर म्हणाले. "ही हौसेची गाडी आहे."

त्या माणसाने गाडीकडे नाकापासून मागपर्यंत पाहिलं. "म्हंजे रिकामीच निगालाय न्हवं? मग फुकाट न्या की."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, मग आरशातून मागच्या शेंदरी फाळक्याकडे. इंजिन चालूच होतं. काय बोलावं ते त्यांना सुचेपर्यंत डावीकडचं दार आपटलं. मिस्त्री खाली उतरून मागे गेले होते, आणि फाळक्याची साखळी सुटल्याचा आवाज आला.