शर्यतीच्या मोटारसायकलींचे इंधन : साठवण, हाताळणी आणि दक्षता

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांतील विद्यार्थ्यांनी जुन्या इंजिनात फेरफार करून मोटारसायकल शर्यतीस उतरविणे ही बाब आता नवी राहिलेली नाही. अशा उपक्रमात मार्गदर्शक प्राध्यापकांचे लक्ष आराखडा, जोडणी व चाचणी यांकडे असते. इंधन कोणत्या भांड्यात, कोठे आणि किती दिवस ठेवले आहे, हा प्रश्न मात्र सहसा विद्यार्थ्यांवर किंवा कार्यशाळेतील मदतनिसावर सोपविला जातो. प्रस्तुत लेखकाने एका कार्यशाळेत शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, खिडकीच्या उन्हात ठेवलेले शर्यतीचे इंधन पाहिले आहे. बाटलीवर शीतपेयाचेच नाव होते. या एका दृश्यात जवळजवळ सर्व चुका एकत्र आल्या होत्या. विशेष म्हणजे त्या चुकांमुळे माणसांना जितका धोका होता, तितकीच त्या महागड्या इंधनाची गुणवत्ताही नष्ट होत होती. इंधन टिकविणारी आणि माणसास सुरक्षित ठेवणारी शिस्त एकच आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

शर्यतीचे इंधन म्हणजे काय?

शर्यतीच्या इंधनात सामान्य पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असते, असा एक समज रूढ आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. शर्यतीच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर उच्च असते. अशा इंजिनात सामान्य पेट्रोल वापरल्यास ठिणगीने सुरू झालेले ज्वलन पूर्ण होण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्याने पिस्टनला भोक पडू शकते. हा आपोआप पेट घेण्याचा कल रोखण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. म्हणून मूळ संपीडन गुणोत्तर कायम ठेवलेल्या साध्या इंजिनात उच्च ऑक्टेनचे इंधन ओतल्याने खर्चाखेरीज फारसे काही वाढत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल भारतात विक्रीस आणले. विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रकल्पांची गरज त्याने भागू शकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. ऑक्टेन अंक दोन पद्धतींनी मोजतात, संशोधन पद्धती व मोटर पद्धती. आणि एकाच इंधनाचा मोटर पद्धतीचा अंक सामान्यतः कमी येतो. अमेरिकेतील पंपांवर या दोहोंची सरासरी छापतात, तर भारतात संशोधन अंक सांगतात. परदेशी डब्यावरील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता तुलना करू नये.

ऑक्टेन वाढविण्याचा जुना मार्ग शिशाचा. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेडचा हा गुण शोधला आणि १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. भारतात रस्त्यावरील वाहनांसाठी ते २००० साली बंद झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ मध्ये थांबले. तथापि केवळ शर्यतीसाठी म्हणून शिसेयुक्त इंधन काही देशांत अजूनही मिळते. शिशाचे हे संयुग त्वचेतूनही शरीरात शिरते. ग्रीसने माखलेले हात पेट्रोलने धुण्याची आपल्या गॅरेजमधील सवय एरवीही वाईटच, कारण पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेन्झिन असते. शिसेयुक्त इंधनाबाबत तर ती सवय विषप्रयोगाहून वेगळी नाही. शिवाय असे इंधन उत्प्रेरक परिवर्तक व ऑक्सिजन संवेदक बसविलेल्या वाहनात वापरल्यास ते भाग निकामी होतात.

धोका द्रवाचा नव्हे, बाष्पाचा

पेट्रोल जळते म्हणजे वस्तुतः त्याचे बाष्प जळते. ज्या किमान तापमानाला द्रवावरील बाष्प ठिणगीने पेटू शकते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलसाठी हे तापमान शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. अर्थात आपल्याकडे कोणत्याही ऋतूत उघडे पेट्रोल पेटण्यास सिद्धच असते. हवेत बाष्पाचे प्रमाण अवघे दीड टक्क्याच्या आसपास झाले तरी मिश्रण ज्वलनशील बनते. हे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात व गटारात साचते. खोलीच्या एका टोकाला उघडा राहिलेला डबा आणि दुसऱ्या टोकाला चाललेले वेल्डिंग यांचा संबंध अशा रीतीने जुळतो. खिडकी उघडी असणे पुरेसे नाही. वायुवीजनाची सोय जमिनीच्या पातळीवरही हवी.

हेच बाष्प गुणवत्तेचाही प्रश्न निर्माण करते. इंजिन थंड असताना सहज सुरू व्हावे म्हणून इंधनात हलके घटक असतात. त्यांपैकी आयसोपेंटेन सुमारे २८ अंशांनाच उकळते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी डबा वारंवार उघडल्यास प्रथम हेच घटक निघून जातात. उरलेले द्रव दिसते पूर्वीसारखेच. गाडी मात्र किक मारून मारून दमविते. म्हणून डबा सकाळच्या गारव्यात उघडावा, आवश्यक तेवढे काढावे आणि लगेच बंद करावा. उन्हामुळे इंधनातील काही घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखा चिकट साका धरतो व तो कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. पारदर्शक भांडे यासाठीही निषिद्ध होय.

डबा काठोकाठ भरू नये. पेट्रोलचे आकारमान दर अंशास साधारण हजारात एक भाग वाढते. सकाळी २० अंशांना भरलेले २० लिटर इंधन दुपारी ४५ अंशांना सुमारे अर्धा लिटर अधिक जागा मागते. किमान पाच टक्के जागा रिकामी ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. डबा भरताना तो जमिनीवर ठेवावा. गाडीच्या डिकीत किंवा प्लास्टिकच्या अंथरुणावर ठेवून भरू नये. वाहत्या इंधनाने स्थिर विद्युत निर्माण होते, आणि पेट्रोलचे बाष्प पेटण्यास डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी ठिणगी पुरते.

कायदाही याच दिशेने बोलतो. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये २३ अंशांपेक्षा कमी फ्लॅश पॉइंट असलेले पेट्रोलियम ‘अ’ वर्गात येते. विक्रीसाठी नसलेले असे पेट्रोलियम एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. परंतु ते घट्ट बुचाच्या भांड्यातच हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपर्यंत, धातूचे २५ लिटरपर्यंत. या यादीत शीतपेयाच्या बाटलीला स्थान नाही. ३० लिटरची मर्यादा ही एकूण साठ्याची आहे, प्रत्येक डब्याची नव्हे, हेही प्रकल्पाच्या मार्गदर्शकांनी ध्यानात घ्यावे.

मिथेनॉल : एक वेगळे प्रकरण

मातीच्या अंडाकृती धावपट्टीवरील ‘स्पीडवे’ शर्यतीत, जिच्या मोटारसायकलींना ब्रेकच नसतात, इंधन म्हणून शुद्ध मिथेनॉल वापरतात. ते बाष्परूप होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून घेते. त्यामुळे इंजिन थंड राहते आणि संपीडन गुणोत्तर वाढविता येते. एक भाग मिथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे साडेसहा भाग हवा लागते, पेट्रोलला साडेचौदा ते पंधरा. परिणामी मिथेनॉल दुपटीहून अधिक खर्ची पडते व साठाही तेवढाच मोठा करावा लागतो.

त्याचा पहिला धोका असा की दिवसाच्या उजेडात त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस मोटार शर्यतीत रिक मिअर्स यांच्या गाडीत इंधन भरताना आग लागली, तेव्हा ते व त्यांचे सहकारी न दिसणाऱ्या ज्वाळांत होरपळले. मोटारसायकलच्या पिटमध्ये मिथेनॉल वापरणाऱ्यांनीही हा प्रसंग विसरू नये. सामान्य फेस या आगीवर टिकत नाही, अल्कोहोलरोधक फेस लागतो. मिथेनॉल पाण्यात मिसळत असल्याने भरपूर पाण्याने ते विरळ होऊन विझू शकते. पेट्रोलच्या आगीवर मात्र पाणी ओतल्यास जळते पेट्रोल तरंगत पसरते. तेथे कोरडी रासायनिक पूड किंवा फेस वापरावा. कार्यशाळेत दोन्ही इंधने असतील तर कोणत्या आगीवर काय, हे भिंतीवर मराठीत लिहून ठेवणे श्रेयस्कर.

दुसरा धोका विषाचा. शरीरात मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनते व ते दृष्टिनाडीवर आघात करते. दहा मिलिलिटर इतक्या अल्प मात्रेनेही अंधत्व येऊ शकते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. रंग नाही, वास मद्यासारखा. अशा द्रवाच्या डब्यावर नाव, ‘विष’ हा शब्द व भरल्याची तारीख नसणे अक्षम्य आहे. आणि डब्यास कुलूप हवे. नळी तोंडाने ओढून इंधन काढण्याची पद्धत तर कोणत्याही इंधनासाठी बंदच केली पाहिजे. मिथेनॉल पोटात गेले तर विष, पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाचा तीव्र दाह. हातपंप काही महाग नसतो.

मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते, तसेच ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमला गंजविते. त्यामुळे शर्यत संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करून धुण्याचा प्रघात आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोललाही हाच न्याय सौम्य रूपात लागू होतो. कोकणातील पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात पाणी साचत गेले तर एका मर्यादेनंतर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घटतो. इंजिन अशा वेळी प्रथम तळाचा थरच ओढते.

उरलेल्या इंधनाविषयी

शर्यतीनंतर उरलेले इंधन टाकीत तसेच ठेवणे किंवा गटारात ओतणे हे दोन्ही मार्ग त्याज्य होत. बिनशिशाचे स्वच्छ इंधन थोड्या प्रमाणात सामान्य पेट्रोलमध्ये मिसळून संपविता येते. शिसेयुक्त इंधन मात्र वेगळ्या, नाव लिहिलेल्या धातूच्या डब्यात जमा करून घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राकडे सोपवावे. इंधनाने भिजलेल्या चिंध्याही झाकणाच्या धातूच्या पिंपात टाकून, कार्यशाळा बंद करण्यापूर्वी बाहेर न्याव्यात.