मोठ्यांची बॅच

पेपरातला फोटो तुम्ही पाहिलाच असेल. जालन्यातल्या एका गिटार क्लासची प्रौढांची बॅच, सगळ्यांच्या अंगात पांढरे शर्ट, मांडीवर गिटारी आणि चेहऱ्यावर लहानपणीचं स्वप्न पुरं झाल्याचा भाव. खाली बातमी होती: कलेला वयाचं बंधन नसतं, वगैरे. बातमी खरी आहे. तिच्यात काही गोष्टी राहून गेल्या एवढंच, आणि त्या राहिल्या म्हणून बॅचमधले बहुतेक जण बातमीदाराचे मनातून आभारी आहेत.

लहानपणीच्या स्वप्नापासूनच सुरुवात करू. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या लहानपणी गिटार फक्त सिनेमात होती. घरात ती आली पोरांमुळे. दहावीच्या सुट्टीत पोरगा हट्ट धरतो, बाप गिटार घेऊन देतो, वर्षाची फी एकरकमी भरतो आणि पोरगा कॉलेज सुरू होताच क्लास सोडतो. भरलेली फी परत मिळणार नाही हे कळलं, की बापाच्या मनात कलेची ओढ जागी होते. एका गृहस्थांनी तर पावतीवरचं मुलाचं नाव खोडून स्वतःचं घालून घेतलं. मग रोज रात्री जेवणानंतर ते एकच कॉर्ड घासत बसू लागले. शेवटी मुलगाच वैतागून क्लासला परतला, आपली गिटार सोडवून घ्यायला. आता त्या घरात गिटारी दोन आहेत आणि फीसुद्धा दोघांची जाते.

आमचे सर वयाने आमच्या पोरांएवढे. ते मुंबईत शिकून आले असा गावात समज आहे आणि सरांनी तो कधी खोडून काढलेला नाही. खरं तर त्यांचा हात बसला तो इथेच, नाताळच्या गाण्यांच्या तालमीत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, म्हणजे चर्च आणि समूहगान या गावाला स्टीलच्या भट्ट्यांपेक्षा जुनं आहे. पण ‘मुंबई’ म्हटलं की फी सांगताना आवाज जरा भरदार लागतो. सरांचा खरा मुंबईचा अनुभव एकच: एका वाद्यवृंदाच्या निवडीला ते गेले होते. तिथल्या परीक्षकांनी विचारलं, ‘हात छान आहे, शिकलात कुठे?’ सर म्हणाले, ‘जालन्याला.’ परीक्षकांनी ते विनोद म्हणून घेतलं.

सुरुवातीला सर मोठ्यांना एकेकटं शिकवायचे. एकटा मोठा माणूस दांडी मारण्यात शाळकरी पोरांना हार जात नाही. ऑडिट निघतं, साडूकडे वास्तुशांत निघते, काहीच नसलं तर एकादशी असतेच. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरातली विद्या वर्गात आणली, ती संगीत सगळ्यांपर्यंत पोचावं या उदात्त हेतूने. सरांचा हेतू इतका उदात्त नव्हता, जागेचं भाडं थकलं होतं. त्यांनी सगळ्यांना एकाच वेळेला बोलावलं आणि गळती थांबली. शेजारचा जी कॉर्डवरून सीवर न अडखळता जातो, हे कुणाला बघवत नव्हतं. साधना, जिद्द हे शब्द निवेदनासाठी ठीक आहेत. मोठ्यांची बॅच चालते असूयेवर. ज्या दिवशी दोन प्रतिस्पर्धी एकदम गैरहजर असतात, त्या दिवशी बाकीच्यांचंही वाजवण्यात लक्ष नसतं.

यात पंचाईत झाली ती बाईंची. बाई म्हणजे सरांच्याच शाळेतल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या वर्गात आल्या की सर अजून उठून उभे राहतात. गृहपाठाची सबब त्यांनी उभ्या हयातीत कुणाची ऐकून घेतलेली नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच बाई सरांपुढे उभ्या राहून सांगत होत्या, ‘अरे, पाहुणे आले होते रे, सराव नाही झाला.’ सर काही बोलले नाहीत. त्यांनी बाईंची वही मागून घेतली आणि लाल पेनने, अगदी बाईंच्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं: ‘पालकांना भेटण्यास सांगावे.’ दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान खरोखर हजर झाले आणि बाईंच्या घरातल्या वागणुकीबद्दल त्यांनी सरांकडे दहा मिनिटं तक्रार केली.

शेठजींचा प्रश्न वेगळा. त्यांचा धंदा सळईचा. सळई तुटायच्या आधी किती ताण घेते याचे दाखले त्यांच्या टेबलावर पडलेले असतात. गिटारीची पहिली तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. शेठजींनी खुंटी उलट्या दिशेने पिळली, तारेने कुठलाही दाखला न देता प्राण सोडला. दुकानात सुटी पहिली तार नव्हती, सहा तारांचा सेट घ्यावा लागला. बॅचला वाटलं, चला, शेठजींना पहिल्यांदाच तोटा झाला. आठवडाभरात ज्याची जी तार तुटली त्याला शेठजींनी आपल्या सेटमधली काढून दिली, भाव सांगून. हिशेब झाला तेव्हा त्यांची पहिली तार त्यांना फुकटात पडली होती.

आता अंबडच्या काकांचा किस्सा. हा आमच्यात अजून दबक्या आवाजात सांगतात.

अंबडच्या दत्त जयंतीच्या संगीत महोत्सवात काका वर्षानुवर्षं पुढे मांडी ठोकून बसलेले. पेटी वाजवतात, भजनी मंडळ त्यांच्याच जिवावर उभं आहे. कान असा की पंखा कुठल्या सुरात फिरतोय ते सांगतील. गिटारीच्या सहा तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात, हे सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं. काकांनी फळ्याकडे पाहिलंच नाही, त्यांनी तारा ऐकल्या. एका तारेला षड्ज मानलं की पुढची तार मध्यम बोलते. तिला षड्ज मानलं की त्यापुढची पुन्हा मध्यम. असं व्यवस्थित चाललेलं असताना जी आणि बी या दोन तारांत मात्र मध्यमाच्या जागी गंधार लागतो, आणि त्यापुढे पुन्हा मध्यम. काकांच्या कपाळाला आठी पडली. निष्कर्ष एकच निघत होता: पोरगं चुकतंय. पण गुरूच्या जागी बसलेल्याचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही, एवढी जुनी रीत काकांना ठाऊक होती.

एका संध्याकाळी सरांना यायला उशीर झाला. काकांनी बॅचमधल्या एकूण एक गिटारी मागून घेतल्या आणि शेवटच्या दोन तारा प्रत्येकी अर्धा सूर चढवून ‘दुरुस्त’ केल्या. कुणाला शंका आली नाही, उलट काका फुकटात सुरात लावून देतायत म्हणून रांग लागली. सर आले, म्हणाले, ‘चला, जी कॉर्ड, सगळे एकदम.’ जो आवाज निघाला त्याने शेजारच्या शिकवणीतली पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. सरांनी आधी ट्यूनरचा सेल बदलला. मग मोबाइलवरचं ॲप उघडलं. मग खुर्चीत बसले. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांची चूक एकच आहे, म्हणजे ती चूक नसून कारस्थान आहे.

सरांनी शांतपणे समजावलं: तो एक गंधार मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे कॉर्ड धरताना बोटं ताणावी लागत नाहीत. काका म्हणाले, ‘म्हणजे बोटांच्या सोयीसाठी सूर वाकवला म्हणा की.’ विषय तिथे संपायला हवा होता. पण सर प्रामाणिक. पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात आलं की स्टॅन्ली जॉर्डन नावाचा अमेरिकेतला मोठा जॅझ गिटारवादक नेमक्या याच पद्धतीने, सगळ्या तारांत मध्यमाचं अंतर ठेवून गिटार लावतो. त्यांनी ते भर वर्गात सांगितलं. बॅच काकांकडे पाहू लागली. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘हा जॉर्डन कुणाचा शिष्य?’

मे महिन्यातला अपघात बियाणेवाल्या साहेबांचा. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली महिको काढली तेव्हापासून जालन्यात बियाण्याची निगा राखणं हे एक शास्त्रच झालं आहे: तापमान किती, हवेतला ओलावा किती, सगळं मोजून. साहेब त्याच शास्त्रातले, एका कंपनीच्या गोदामाचे प्रमुख. त्यांनी ऐन उन्हाळ्यात गिटार दुपारभर बंद कारमध्ये ठेवली. सहा तारांचा मिळून ताण असतो सत्तर किलोच्या घरात. उष्णतेने सरस मऊ झाला, की तारा बांधलेली लाकडी पट्टी जागा सोडते. तशी ती सोडली, धाडकन आवाज झाला आणि पार्किंगमधल्या वॉचमनने टायर फुटलं म्हणून जॅक आणला. सरांनी गिटार चिकटवून दिली आणि ‘हवेशीर, थंड जागी ठेवा’ असं बजावलं. साहेब आता ती नेमकी कुठे ठेवतात हे लिहिलं तर कंपनीच्या ऑडिटमध्ये येईल. एवढंच सांगतो, आमच्यात सगळ्यात गार गिटार त्यांची असते, आणि बाहेरच्या हवेत आली की अर्धा तास सुरात राहत नाही.

डॉक्टरसाहेबांनी मात्र जुनी गिटार चालवून घेणं नाकारलं. शेजारी बसणाऱ्या वकिलांनी नवी आणल्यावर तर नाहीच. 30 डिसेंबर 2023 पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, तिने डॉक्टर धोबी तलावला गेले आणि फुर्ताडोजमधून, म्हणजे 1865 सालापासूनच्या दुकानातून, झकास गिटार घेऊन आले. परतीच्या गाडीत ती केस बघून डब्यातल्या मंडळींनी आग्रह धरला, ‘होऊन जाऊ द्या डॉक्टरसाहेब!’ डॉक्टरांना तेव्हा दोन कॉर्ड येत होत्या, त्यातली एक वादग्रस्त. प्रवासात सूर उतरतात, असं त्यांनी सांगितलं. पलीकडच्या सीटवर आमच्याच क्लासच्या लहान बॅचमधला एक मुलगा होता. ‘काका, मी लावून देऊ?’ म्हणाला, लावून दिली, आणि मनमाडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकामागून एक गाणी वाजवली. टाळ्या पडल्या. उतरताना एका बाईंनी डॉक्टरांना हात जोडले, ‘मुलाला छान तयार केलंत हो.’ डॉक्टर म्हणाले, ‘धन्यवाद.’

नळाबद्दल जालनेकरांना वेगळं सांगायला नको. क्लासमध्ये मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे, फक्त ‘नळ आले’ या निरोपाला माफी. निरोप आला की त्या गल्लीचे सगळे विद्यार्थी गिटार खुर्चीवर टेकवून पसार होतात. सरही, कारण ते त्याच गल्लीत राहतात.

आणि आता आमच्या बॅचचा स्टेजवरचा कार्यक्रम. गाणं सगळ्यांनी एकमताने निवडलं: ‘चुरा लिया’, ‘यादों की बारात’मधलं, 1973 सालचं. पडद्यावर गिटार झीनत अमानच्या हातात, प्रत्यक्षात वाजवली भूपिंदर सिंगांनी, तेव्हा न वाजवता वाजवल्यासारखं दिसण्याची परंपरा या गाण्याला पहिल्यापासून आहे. सुरुवातीचा काचेच्या ग्लासावरचा किणकिणाट कुणाला नको होता. शेठजींची बोटं जाड, ए कॉर्डला तिन्ही बोटं एका घरात मावत नाहीत, म्हणून ग्लास त्यांच्या गळ्यात पडला. शेठजी धंद्याला जागून पहिल्या तालमीला स्टीलचा ग्लास घेऊन आले. मग काचेचा आला. काकांनी त्यात चमच्या-चमच्याने पाणी घालून सूर लावला: पाणी वाढलं की सूर उतरतो, कमी झालं की चढतो. हे काम त्यांनी इतकं मनावर घेतलं की आपली गिटार लावायचं विसरले.

गायला बाई. गाणं त्यांच्या पट्टीला उतरवायचं तर एफ कॉर्ड मधे येत होती आणि एफ आमच्यात कुणालाच धड लागत नाही. सरांनी तोड काढली, सगळ्यांच्या तारा एक-एक सूर खाली उतरवल्या. बोटं ओळखीच्याच जागी, गाणं बाईंच्या पट्टीत. विंगेत डॉक्टरांनी आपला नवा ट्यूनर लावून पाहिला, सगळ्या तारा उतरलेल्या दिसल्या. वकिलांचं काम, असं मनात धरून त्यांनी त्या गुपचूप परत चढवल्या.

पडदा उघडायला मिनिटभर उरलं असताना निवेदक धापा टाकत विंगेत आले, घसा कोरडा पडलेला, आणि स्टुलावरचा ग्लास त्यांनी एका दमात रिकामा केला. काकांच्या तोंडून जो शब्द गेला तो भजनी मंडळात चालत नाही. बाटली आली, काकांनी कानाशी ग्लास धरून पुन्हा पाणी भरलं, शेवटचे दोन चमचे पडदा सरकत असताना.

पहिल्याच ओळीला सरांना डॉक्टरांची गिटार ऐकू आली. त्यांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, मागून वाकून, डॉक्टरांच्या माइकची पिन काढली. डॉक्टर शेवटपर्यंत डोळे मिटून, रंगून वाजवत राहिले. घरच्यांनी काढलेला व्हिडिओ ते अजून पेशंटना दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, माझी कशी वेगळी ऐकू येते.’

टाळ्या मात्र पडल्या त्या ग्लासाला. पुन्हा एकदा म्हणून आग्रह झाला तोही तेवढ्याच तुकड्यासाठी. शेठजींनी तीनदा वाजवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या फोनवर नव्या बॅचची चौकशी सुरू झाली, आणि तिसराच फोन होता: ‘गिटारचं राहू द्या सर, ते ग्लासाचं किती महिन्यांचं असतं?’